उपेक्षा आणि लेखनसातत्य : गोपाळबाबा वलंगकरांच्या निमित्ताने

मराठी समीक्षेत उपेक्षित लेखकाविषयी बोलताना बहुधा एक ठरावीक सूर लागतो. लेखकाची प्रतिभा, समकालीनांचे दुर्लक्ष, आर्थिक ओढाताण आणि अखेरीस मरणोत्तर गौरव असा हा क्रम असतो आणि त्यातून लेखकाच्या जिद्दीची एक भावपूर्ण प्रतिमा उभी राहते. ही प्रतिमा खोटी असते असे नाही. परंतु ती एक गोष्ट गृहीत धरून चालते. मान्यता देणारी एक व्यवस्था, म्हणजे नियतकालिके, संपादक, ग्रंथालये, पारितोषिके, परीक्षणे आणि अभ्यासक्रम, अस्तित्वात आहे. लेखक तिच्या दारापर्यंत पोहोचलेला आहे. आणि केवळ दार उघडायला उशीर होत आहे, असे ते गृहीत होय. ज्या लेखकाला त्या दाराजवळ उभे राहण्याचीच मुभा नव्हती, त्याच्या लेखनसातत्याचा विचार या चौकटीत नीट करता येत नाही. महाड परिसरातील गोपाळबाबा वलंगकर (सु. १८४० ते १९००) यांचे लेखन या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून महाडकडे निघाले की वाटेत दासगाव लागते. सावित्रीच्या खाडीवरचे हे जुने बंदर. वीरपर्यंत रेल्वे आली ती १९९३ मध्ये. जुन्या काळी खाडी आणि घाटवाटा हीच या मुलखाची मुख्य दळणवळणाची साधने होती. लेखनाच्या इतिहासात हा भाग सामान्यतः दोन कारणांनी ओळखला जातो. शिवथरघळीचा संबंध समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'शी जोडला जातो. आणि पोलादपूर येथे कवींद्र परमानंदांची समाधी दाखवली जाते. परमानंदांचे 'शिवभारत' बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच तुटते. हे काव्य तंजावरच्या हस्तलिखितसंग्रहातून उजेडात येऊन १९२७ मध्ये स. म. दिवेकरांच्या संपादनाने पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापले. म्हणजे राजाश्रय लाभलेल्या कवीचे काव्यही अडीचशे वर्षे अंधारात राहू शकते. तरीही ते कुठे तरी पोथीत, दप्तरात, संग्रहात होते. ते जतन करणारी एक परंपरा होती. याच १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ज्या समाजाने तो केला त्याच्या लेखनाला असे दप्तर नव्हते. पुराने वारंवार वेढल्या जाणाऱ्या या खोऱ्यात गावकुसाबाहेरच्या घरातील कागद टिकणे ही मुळातच अवघड गोष्ट होय.

वलंगकर हे महाड तालुक्यातील रावढळचे. जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्याचे रायगड हे नामांतर १९८१ चे. महार जातीत जन्मलेल्या वलंगकरांनी लष्करात नोकरी केली आणि १८८६ मध्ये ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतरचे त्यांचे कार्य मुख्यतः दापोली येथे झाले. दापोलीच्या छावणीभोवती महार आणि चांभार पेन्शनरांची वस्ती होती. पुढे डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ तेथे येऊन राहिले. या वस्तीचे वाङ्मयीन महत्त्व अद्याप पुरेसे ध्यानात घेतले गेलेले नाही. कंपनी सरकारच्या सैन्यात शिपायांच्या मुलांना आणि शिपायांनाही शिक्षण मिळण्याची सोय होती. त्यामुळे गावच्या शाळेत ज्यांना पाऊल टाकता येत नव्हते त्यांच्यातील काहीजण छावणीच्या शाळेत वाचावयास व लिहावयास शिकले. एकोणिसाव्या शतकातील अस्पृश्य समाजाचा पहिला वाचक छावणीत घडला, असे म्हणावयास हरकत नाही. पहिला लेखकही, काही अपवाद वगळता, तेथूनच आला. अपवादांमध्ये अर्थातच मुक्ताबाईचे नाव घेतले पाहिजे. फुले यांच्या शाळेतील या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला होता. परंतु त्या निबंधानंतर तिचे पुढील लेखन आढळत नाही. एक विलक्षण निबंध आणि त्यानंतरचे मौन यांची तुलना वलंगकरांच्या दशकभराच्या लेखनाशी केली म्हणजे सातत्य ही केवळ स्वभावाची बाब नसून तिला काही आधार लागतो हे कळते. वलंगकरांना दोन आधार होते : दरमहाचे पेन्शन आणि फुल्यांचा विचार.

१८८८ च्या सुमारास वलंगकरांचे 'विटाळविध्वंसन' प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी त्याचे वर्ष १८८९ असे दिलेले आढळते. शीर्षकातच हेतू स्पष्ट आहे. अस्पृश्यतेला धर्मशास्त्राचा आधार कोणता, विटाळ नेमका कशाने होतो, जन्माने होत असेल तर तो धर्मांतराने कसा जातो, अशा स्वरूपाचे प्रश्न उच्चवर्णीय पुढाऱ्यांना व विद्वानांना उद्देशून विचारण्यासाठी ही पुस्तिका लिहिली गेली. येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. केशवसुतांची 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविताही याच सुमाराची, म्हणजे १८८८ ची. केशवसुतांचे बालपण काही काळ दापोली परिसरातच गेले होते. एकाच मुलखाशी संबंध असलेले दोन लेखक एकाच सुमारास एकाच विषयावर 'प्रश्न' या रूपाने लिहितात. एक अंत्यजाच्या मुलाच्या मनात प्रश्न कल्पितो, तर दुसरा, जो स्वतः तसाच मुलगा होता, प्रौढ वयात प्रश्न छापून काढतो. पहिला प्रश्न आधुनिक मराठी कवितेच्या आरंभाचा एक टप्पा मानला गेला व त्यावर विपुल लिहिले गेले. दुसऱ्याचा उल्लेख वाङ्मयेतिहासात बराच काळ आलाच नाही.

ही तुलना केशवसुतांचे मोल कमी करण्यासाठी नव्हे. केशवसुत हेही हयातीत फारसे यश न लाभलेले कवी होते. शिक्षकाच्या नोकरीतील अस्थैर्य, बदल्या आणि १९०५ मध्ये हुबळी येथे प्लेगने आलेला अकाली मृत्यू हे सारे सर्वांना परिचित आहे. त्यांची कविता संग्रहरूपाने पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ते काम त्यांच्या निधनानंतर ह. ना. आपटे यांनी केले. परंतु येथेच दोन उपेक्षांमधील भेद स्पष्ट होतो. केशवसुतांच्या कविता तत्कालीन नियतकालिकांतून छापल्या जात होत्या, त्या वाचणारे आणि त्यांवर वाद घालणारे वाचक होते, हरिभाऊंसारखा जाणकार स्नेही होता. त्यांना जे लाभले नाही ते वेळेवर लाभले नाही. वलंगकरांच्या बाबतीत 'वेळ' हा मुद्दाच गैरलागू आहे. ज्यांना उद्देशून ते लिहीत होते त्यांच्या दृष्टीने महार लेखक ही वस्तूच संभवत नव्हती.

उपहास हाही दखल घेण्याचाच एक प्रकार असतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांच्या लेखनाची, विशेषतः त्यांच्या व्याकरणाची जी टवाळी केली ती प्रसिद्ध आहे. त्या टवाळीत अन्याय होता. पण तीत फुले यांना प्रतिपक्ष म्हणून मिळालेली एक प्रकारची कबुलीही होती. फुल्यांनी स्वतः प्रस्थापित वाङ्मयव्यवहाराशी अनेकदा झुंज घेतली. त्यांचे 'तृतीय रत्न' हे १८५५ चे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने स्वीकारले नाही आणि ते छापून आले ते थेट १९७९ मध्ये. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक १८८३ मध्ये लिहून झाले. त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त आली आणि पुढची प्रकरणे आपल्याच चळवळीतील संपादकाने छापली नाहीत, याचा संताप फुल्यांनी लपविला नाही. १८८५ मध्ये पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले, तेही याच संदर्भात पाहावे लागते. मान्यता नाकारण्याची ऐट ज्याला मान्यता देऊ केली जाते त्यालाच शक्य असते. वलंगकर हे फुल्यांचे अनुयायी. आर्य-अनार्य सिद्धान्त, ग्रंथप्रामाण्याला दिलेले आव्हान, प्रश्नोत्तररूप मांडणी हा वारसा त्यांना फुल्यांकडून मिळाला. परंतु चिपळूणकरी टवाळी त्यांच्या वाट्याला आली नाही आणि ग्रंथकार सभेचे निमंत्रणही आले नाही. त्यांच्या प्रश्नांना धर्मपीठांकडून वा विद्वानांच्या सभांतून उत्तर आले नाही, एवढेच.

उत्तर न आल्यावर लेखक काय करतो? वलंगकरांच्या पुढील दशकातील लेखनाकडे पाहिले तर असे दिसते की त्यांनी तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगितले नाही. त्यांनी लेखनप्रकार बदलले. पुस्तिकेबरोबरच त्यांनी वृत्तपत्रांतून लेख व पत्रे लिहिली. लोखंडे यांच्या संपादनाखालील 'दीनबंधू' हे सत्यशोधकांचे मुखपत्र. तेथे त्यांना जागा मिळणे समजण्यासारखे आहे. पण ऑक्टोबर १८८८ मध्ये सुरू झालेल्या आगरकरांच्या 'सुधारका'तही त्यांचे लेखन आले, ही नोंद अधिक महत्त्वाची आहे. सत्यशोधक आणि सुधारक या दोन गोटांतील अंतर लक्षात घेता, दोन्हीकडे लिहिणारा लेखक आपल्या वाचकाचा शोध किती नेटाने घेत होता हे दिसते. सुशिक्षित ब्राह्मण वाचकाला बुद्धिप्रामाण्याच्या भाषेत सांगावयाचे आणि बहुजन वाचकाला इतिहासाच्या भाषेत, असा हा दुहेरी व्यवहार होता. याशिवाय त्यांनी पद्यरचनाही केली. ती आपल्याच समाजातील निरक्षर श्रोत्यांसाठी होती, आणि कागदावाचूनही ती पोहोचू शकत होती. वलंगकरांच्या पद्यातील काव्यगुणांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. लोकांना तोंडपाठ व्हावे असे लिहिणे ही त्या रचनेची गरज होती आणि त्याच निकषावर ती पाहिली पाहिजे.

१८९० मध्ये त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' ही संस्था स्थापन केली. तिच्या वतीने तयार झालेले १८९४ चे विनंतिपत्र हा वलंगकरांच्या लेखनाचा दुसरा महत्त्वाचा टप्पा होय. १८९० च्या दशकाच्या आरंभी इंग्रज सरकारने लष्करभरतीचे धोरण बदलले. 'लढवय्या जाती'च्या नव्या कल्पनेनुसार महारांची भरती बंद झाली. ज्यांनी कोरेगावपासून अनेक लढायांत कंपनीची चाकरी केली होती त्यांना आता सैन्यास अपात्र ठरविण्यात आले. भरती पुन्हा सुरू करावी अशी मागणी करणारे हे विनंतिपत्र केवळ नोकरीसाठी होते असे मानणे हे अर्धेच वाचन ठरेल. भरती थांबली म्हणजे छावणीची शाळा थांबली. शाळा थांबली म्हणजे पुढच्या पिढीतील वाचक थांबला. दापोलीच्या नगरपालिका शाळेत पेन्शनरांच्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून याच दशकात झगडावे लागले आणि प्रवेश मिळाल्यावरही त्या मुलांना ओसरीवर बसविण्यात आले, हे ध्यानात घेतले तर या मागणीची निकड कळते. लेखकाने आपल्या वाचकाच्या अस्तित्वासाठी अर्ज करावा लागणे, ही स्थिती मराठी वाङ्मयाच्या इतिहासात विरळा होय. मान्यता न लाभलेला लेखक सामान्यतः उद्याच्या वाचकावर भिस्त ठेवतो. भवभूतीचा 'कालो ह्ययं निरवधिः' हा दिलासा मराठी लेखकांनी शेकडो वेळा उद्धृत केला आहे. वलंगकरांना तो दिलासा परवडणारा नव्हता. काळ अनंत असला तरी उद्याचा वाचक आपोआप जन्माला येणार नव्हता. त्याला शाळेत घालावे लागणार होते.

विनंतिपत्र हा वाङ्मयप्रकार मानावा का, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. अर्जाची भाषा याचनेची असते, तीत ठरावीक विशेषणे येतात, अर्जदार स्वतःला लहान करून घेतो. तथापि या अर्जाच्या मांडणीत इतिहास सांगण्याची जी ओढ आहे ती केवळ याचनेपुरती नाही. आपण कोण होतो आणि येथवर कसे आलो याचे सुसंगत कथन करण्याचा तो प्रयत्न आहे. ज्या समाजाच्या नावे बखर नाही, वंशावळ नाही, त्याचा इतिहास प्रथम अर्जाच्या रूपाने लिहिला जातो, ही वस्तुस्थिती अभ्यासकांनी प्रकारभेदाच्या आग्रहापायी दृष्टीआड करू नये.

मात्र या कथनातील विसंगतीही सांगितली पाहिजे. संस्थेच्या नावात 'अनार्य' हा शब्द आहे, म्हणजे आपण या भूमीचे आर्यपूर्व रहिवासी आहोत ही फुलेप्रणीत भूमिका आहे. आणि विनंतिपत्रात महार हे मूळचे क्षत्रिय असल्याचा दावाही आहे. हे दोन दावे एकमेकांशी नीट जुळत नाहीत. पहिला वर्णव्यवस्थाच नाकारतो, दुसरा त्या व्यवस्थेत वरची जागा मागतो. एलिनॉर झेलियट यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी या क्षत्रियत्वाच्या दाव्याची चर्चा केली आहे. काहींना त्यात वैचारिक कच्चेपणा दिसतो. तो आहेच. परंतु वाचक बदलला की लेखकाची भाषा कशी वाकते याचेही ते उदाहरण आहे. 'विटाळविध्वंसना'त विद्वानांना प्रश्न विचारणारा लेखक लष्करी अधिकाऱ्यांपुढे जाताना त्यांना पटेल असे प्रमाण शोधतो. आणि 'लढवय्या जाती' मानणाऱ्यांना क्षत्रियत्वाखेरीज दुसरे कोणते प्रमाण पटणार होते? दीर्घकाळ उत्तर न मिळालेल्या लेखनात अशी ओढाताण येते. वलंगकरांना निर्दोष ठरविण्याच्या उत्साहात ती झाकली तर त्यांच्या लेखनातील खरा ताणच हरवतो.

अर्जाला यश आले नाही. महारांची पलटण उभी राहिली ती पहिल्या महायुद्धाच्या निकडीतून १९१७ मध्ये. आणि १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली. महार रेजिमेंटची स्थापना व्हावयास १९४१ साल उजाडावे लागले. वलंगकरांच्या हयातीत त्यांना जी एकमेव औपचारिक मान्यता लाभली तीही वाङ्मयीन नव्हती : १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची सरकारनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली. उच्चवर्णीय सदस्यांना ती रुचली नाही. विटाळ म्हणजे काय हा छापील प्रश्न आता एका खोलीत, एका बैठकीत समोर येऊन बसला होता. पुस्तिकेला जो प्रतिसाद मिळाला नाही तो पुस्तिकेच्या लेखकाच्या शारीर उपस्थितीला नाराजीच्या रूपाने मिळाला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, वलंगकरांचे निधन झाले.

निधनानंतरचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. 'विटाळविध्वंसन' ही पुस्तिका होती. परंतु अनेक संदर्भग्रंथांतून १८८८ मध्ये वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसक' नावाचे मासिक काढले असे विधान केलेले आढळते आणि ते पुढे एकमेकांच्या आधारे उद्धृत होत राहते. या गोंधळाचे एक संभाव्य कारण शोधता येते. विदर्भातील किसन फागोजी बनसोडे (१८७९ ते १९४६) यांनी १९१३ मध्ये 'विटाळ विध्वंसक' या नावाचे पत्र काढले होते. पुस्तिकेचे नाव आणि पत्राचे नाव यांत एका अक्षराचा फरक. पहिल्याच्या प्रती दुर्मिळ, दुसऱ्याचे अंक दुर्मिळ. अशा वेळी दोन वस्तूंची एक वस्तू होणे सहज शक्य आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण 'पहिले दलित नियतकालिक कोणते' हा प्रश्न परीक्षेत आणि मुलाखतीत वारंवार विचारला जातो आणि त्याचे छापील उत्तर मूळ साधन न पाहताच दिले जाते. तथापि या गोंधळात एक सुखद बाजूही आहे. महाडच्या माणसाने योजलेले शीर्षक पाव शतकानंतर नागपूरकडच्या संपादकाला आपल्या पत्रासाठी जवळजवळ जसेच्या तसे योजावेसे वाटले. यातून थेट प्रभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण 'विटाळ' आणि 'विध्वंस' ही जोडी या समाजाच्या लेखनात चलनी झाली होती, एवढे निश्चित.

विनंतिपत्राचेही तसेच. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले आणि १९१० मध्ये लष्करभरतीसाठी पुन्हा सरकारकडे अर्ज केला. मागणी तीच, अर्जाचा घाट तोच. व्यक्तिवादी दृष्टीने पाहिल्यास वलंगकर अयशस्वी ठरतात. परंतु अयशस्वी अर्जाचा मसुदा पुढच्या पिढीला उपयोगी पडतो, या अर्थाने येथे लेखनसातत्य एका लेखकाच्या आयुष्यात पाहण्याऐवजी दोनतीन पिढ्यांच्या व्यवहारात पाहावे लागते. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हाही परिस्थिती फारशी पालटलेली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. तर 'केसरी'ने पैसे घेऊनही जाहिरात छापण्याचे नाकारले. ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'चे चोवीस चोवीस रकाने डॉ. आंबेडकरांना एकहाती लिहावे लागले आणि १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. उच्च पदव्या, बॅरिस्टरी आणि एका मोठ्या चळवळीचे नेतृत्व असूनही वर्गणीदारांचा प्रश्न सुटला नाही. वलंगकरांच्या लेखनाला वाचक का मिळाला नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या लेखनगुणांत शोधणाऱ्यांनी हे चोवीस रकाने आठवावेत.

वलंगकरांचे लेखन आज काही प्रमाणात उपलब्ध आहे याचे श्रेय बव्हंशी संग्राहकांना, विशेषतः चांगदेव भवानराव खैरमोडे यांना द्यावे लागते. आंबेडकरचरित्राच्या निमित्ताने खैरमोड्यांनी जी कागदपत्रे जमविली त्यांत या आरंभकाळाचा ऐवज आहे. खैरमोडे हे स्वतःही प्रस्तुत विषयाचे एक उदाहरण होत. चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला; लेखकाचे निधन १९७१ मध्ये झाले; आणि अनेक खंड त्यानंतर, त्यांच्या पत्नीच्या प्रयत्नांनी, छापून आले. एका अप्रसिद्ध लेखकाचे कागद दुसऱ्या, आपलेच खंड छापून येण्याची वाट पाहणाऱ्या लेखकाने सांभाळले. विद्यापीठीय मराठी विभागांचा या कामात वाटा किती होता, हे विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही.

१९५८ मध्ये दादर येथे पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि पुढील दोन दशकांत दलित साहित्य ही संज्ञा रूढ झाली. त्यानंतर वलंगकरांना वाङ्मयेतिहासात जागा मिळाली ती 'अग्रदूत' म्हणून. या जागेविषयी थोडे सावध असले पाहिजे. अग्रदूत ठरविलेल्या लेखकाचे नाव प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात येते, जन्ममृत्यूची वर्षे कंसात येतात, एका पुस्तिकेचे नाव येते आणि विवेचन पुढे सरकते. त्याचे लेखन वाचण्याची गरज उरत नाही, कारण त्याचे महत्त्व 'पहिला' असण्यात आहे असे ठरून गेलेले असते. फुल्यांच्या बाबतीत असे झाले नाही, याचे एक साधे कारण म्हणजे १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय हाती आले आणि वाचक मूळ संहितेकडे वळू शकला. वलंगकरांची पुस्तिका, वृत्तपत्रीय लेख, पद्ये आणि विनंतिपत्र यांची टीपांसहित एकत्रित आवृत्ती महाविद्यालयीन शिक्षकाच्या सहज हाती येईल अशी असती, तर 'विटाळविध्वंसना'ची तुलना आगरकरांच्या त्याच वर्षांतील निबंधांशी करणारा एखादा तरी प्रबंध लिहिला गेला असता. दोघांचाही वाचक काही अंशी एकच होता. तर्काचा उपयोग दोघेही करतात. पण आगरकरांच्या तर्काला स्वजनांशी भांडण्याचा हक्क आहे, तर वलंगकरांना प्रत्येक प्रश्नाआधी आपला प्रश्न विचारण्याचा हक्क सिद्ध करावा लागतो. गद्यशैलीच्या अभ्यासकाला येथे बरेच सापडण्याजोगे आहे.

उपेक्षा झाली म्हणून लेखन मोठे ठरत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. विस्मृतीत गेलेले पुष्कळ लेखन विस्मृतीतच असणे योग्य असते, आणि संशोधनाच्या नावाखाली प्रत्येक पुस्तिकेचे पुनरुज्जीवन करण्याची जी प्रवृत्ती विभागांतून दिसते तिचे समर्थन करणे कठीण आहे. वलंगकरांचे लेखन वाचावयाचे ते दयेपोटी नव्हे. विटाळाची कल्पना तर्काच्या कसोटीवर लावण्याचा, ज्याला ती भोगावी लागते त्याने केलेला, हा मराठीतील एक प्रारंभीचा सलग प्रयत्न आहे, म्हणून.

वीरजवळच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३ ते १९७२) हे महाडच्या परिषदेचे एक प्रमुख संघटक. शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेत जातीमुळे प्रवेश नाकारला गेला, तेव्हा शाळकरी वयाच्या मोऱ्यांनी पत्र लिहून या अन्यायाला वाचा फोडली. या पत्राला मात्र उत्तर आले : शाळेला प्रवेश द्यावा लागला, जरी बसावयाची जागा वेगळी होती. वलंगकरांच्या निधनानंतर दीड दशकाच्या आतच, त्याच तालुक्यात, एका मुलाच्या लेखी प्रश्नाची दखल घेतली गेली. मधल्या काळात काय बदलले याचा शोध घेताना सरकारी अनुदानाचे नियम, वृत्तपत्रांची वाढ आणि पेन्शनरांच्या वस्तीत रुजलेली अर्ज करण्याची सवय, या तिन्हींचा विचार करावा लागेल. मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले, १९६५ मध्ये 'जीवनमार्ग' या साप्ताहिकाच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि उतारवयात आत्मकथन लिहावयास घेतले. ते आयुष्याच्या पूर्वार्धापाशीच थांबले आहे. पुत्र सत्येंद्र मोरे यांनी लिहिलेल्या चरित्रासह ते मराठीत छापून आले २००३ मध्ये, आणि अनुपमा राव यांच्या संपादनाने त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले २०१९ मध्ये. मराठीच्या अनेक संशोधकांनी त्याची दखल घेतली ती या भाषांतरानंतर.